विश्लेषण : बायोमेडिकल, पर्यावरण आरोग्य... नावे मोठी, पण नोकऱ्या कुठे?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की वाशी-नेरुळपासून कामोठे-पनवेलपर्यंत अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : एमबीबीएसला नंबर लागत नसेल, तर आरोग्याच्या क्षेत्रात दुसरे काय? अशा वेळी माहितीपत्रकांत 'बायोमेडिकल', 'बायोटेक', 'पर्यावरण आरोग्य' अशी नावे दिसतात. नावे आकर्षक असतात, शुल्कही कमी नसते. मात्र या पदवीनंतर नेमके काम कोणते, पगार कोण देणार आणि असे काम आपल्या परिसरात आहे का, याची उत्तरे फारशी मिळत नाहीत. ती शोधण्यासाठी नवी मुंबईइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. खारघरला देशातील महत्त्वाचे कर्करोग संशोधन केंद्र आणि तिथून काही किलोमीटरवर तळोज्याची रासायनिक औद्योगिक वसाहत, अशी दोन्ही टोके इथे शेजारी नांदतात.

या दोन क्षेत्रांचा एकत्र विचार का?

वरवर पाहता रुग्णालयातील व्हेंटिलेटर आणि कासाडी नदीचे पाणी यांचा संबंध नाही. पण नोकरीच्या दृष्टीने दोन्हींचे मूळ सारखे आहे. या क्षेत्रांतील जवळपास प्रत्येक पद दोनच कारणांनी निर्माण होते : एक तर एखादे यंत्र चालवावे, तपासावे आणि दुरुस्त करावे लागते, किंवा एखादा नियम पाळला जातो की नाही, हे मोजावे लागते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना 'स्कोप आहे का' असे विचारण्याऐवजी 'हे पद कोणत्या यंत्रामुळे किंवा कोणत्या नियमामुळे अस्तित्वात आहे' असे विचारले, तर बरेच धुके दूर होते. ज्या पदवीच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही, तिथे सावध राहिलेले बरे.

'बायोमेडिकल' म्हणजे नेमके काय?

या एका शब्दाखाली चार वेगवेगळे अभ्यासक्रम विकले जातात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. बायोमेडिकल इंजिनीअरिंग ही अभियांत्रिकीची शाखा आहे. इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, सॉफ्टवेअर आणि शरीरशास्त्र यांची त्यात सांगड असते. बायोटेक्नॉलॉजीत पेशी, जनुके, लशी, किण्वन यांचा अभ्यास होतो. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी, डायलिसिस, रेडिओलॉजी हे अभ्यासक्रम थेट रुग्णालयातील तंत्रज्ञ घडवतात. कामोठ्यातील एमजीएमच्या बायोमेडिकल सायन्सेस विभागासारख्या संस्थांत ते शिकवले जातात. 'बायोमेडिकल सायन्स'ची सर्वसाधारण पदवी मात्र बहुतेक वेळा संशोधनाची पायरी असते, तिच्या जोरावर थेट नोकरी मिळेलच असे नाही.

प्रवेशाची अटही वेगळी आहे. राज्यात अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र आणि गणित आवश्यक असते. केवळ जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला बायोमेडिकल इंजिनीअरिंगचे दार बंद झाल्याचे अनेकदा निकालानंतर कळते. हा निर्णय खरे तर अकरावीतच घ्यायचा असतो. गणिताची भीती नसेल आणि डॉक्टर होण्याचीही इच्छा असेल, तर दोन्ही विषय ठेवणे हाच शहाणपणा.

नवी मुंबईत काम कुठे आहे?

खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरची प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण संस्था, हे पहिले ठिकाण. तेथील राष्ट्रीय हेड्रॉन बीम उपचार सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. आसपासच्या निरोगी पेशींना कमीत कमी इजा व्हावी, अशा रीतीने प्रोटॉनचा झोत गाठीवर सोडण्याचे हे तंत्र आहे. डॉक्टर उपचार ठरवतात. पण मात्रा मोजणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आणि ते अचूक ठेवणारा अभियंता यांच्याशिवाय झोत सुरूच होत नाही. किरणोत्साराशी संबंधित विभागात पात्र किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका हा या कामाचा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. भौतिकशास्त्र घेतले म्हणजे शिक्षकच व्हायचे, असे मानणाऱ्या घरांत ही वाट क्वचितच माहीत असते.

याच खारघरमध्ये 'समीर' या केंद्र सरकारच्या सूक्ष्मलहरी तंत्रज्ञान संस्थेचे संकुल आहे. किरणोपचारासाठी लागणारे लिनॅक यंत्र देशात बनवण्याचे काम या संस्थेने केले. रक्ताच्या काही कर्करोगांवरील 'नेक्सकार १९' ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभी राहिली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे तिचे लोकार्पण झाले. परदेशातील खर्चाच्या साधारण दशांश किमतीत ती उपलब्ध झाली. या उपचारात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, बदलून पुन्हा शरीरात सोडल्या जातात. म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र 'उत्पादन' करावे लागते. स्वच्छ कक्षात काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, गुणवत्ता तपासणारे आणि नोंदी ठेवणारे यांची गरज त्यातून तयार होते. ठाणे-बेलापूर मार्गावर रबाळे, महापे परिसरात जीवविज्ञान आणि औषधनिर्मितीच्या कंपन्यांतही अशीच पदे असतात.

वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांतील नोकऱ्यांचे चित्र मात्र जसेच्या तसे सांगायला हवे. देशात वापरली जाणारी बहुतांश गुंतागुंतीची उपकरणे अजूनही आयात होतात. त्यामुळे नव्या अभियंत्याला सुरुवातीला रचना आणि संशोधनाचे काम कमी मिळते. सर्व्हिस इंजिनीअर, यंत्राचा वापर शिकवणारा अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट आणि विक्री प्रतिनिधी ही कामे जास्त मिळतात. फिरती असते, रात्रीचे फोन येतात. तरीही दोन-तीन वर्षे यंत्रे उघडून दुरुस्त केलेल्या अभियंत्याची किंमत बाजार ओळखतो.

रुग्णालयाला अभियंता कशाला हवा?

त्याचे उत्तर महाराष्ट्राने २०२१ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिले. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. त्याच काळात मराठवाड्यातील रुग्णालयांना मिळालेल्या सदोष व्हेंटिलेटरचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे होते. पण यंत्रे, वायुवाहिन्या आणि वीजजोडणी यांवर रोज नजर ठेवणारा जबाबदार तांत्रिक माणूस रुग्णालयात असतो का, हा प्रश्न सगळ्यांमागे होता.

प्रश्न जुनाच आहे. केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा राज्यांमधील पाहणीत सरकारी रुग्णालयांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. जिल्हा रुग्णालयात उपकरणे ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले. देखभाल बहुतेक ठिकाणी खासगी संस्थांना कंत्राटाने दिली जाते. तिथेही काम मिळते, पण ते कंत्राटाच्या मुदतीपुरते. मोठ्या खासगी रुग्णालयांत मात्र मानांकनाच्या अटींमुळे बायोमेडिकल विभाग हा आता नेहमीचा भाग झाला आहे. इन्फ्युजन पंप ठरलेली मात्रा देतो का, डिफिब्रिलेटर ऐनवेळी चालेल का, याची वेळापत्रकानुसार तपासणी आणि नोंद हे या विभागाचे रोजचे काम.

पर्यावरण आरोग्यात कोणती पदे येतात?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा परिसरात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आवारातून तो रंग त्यांच्या अंगाला लागला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करण्याचे आदेश दिले. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद तर स्थानिक मच्छीमारांच्या तक्रारीतून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. रात्री येणाऱ्या रासायनिक वासाच्या तक्रारी खारघर, कळंबोली, तळोजा या वसाहतींना नव्या नाहीत. मात्र वास येतो, एवढ्याने न्यायालयात काही सिद्ध होत नाही. नमुना कधी घेतला, कसा साठवला, कोणत्या पद्धतीने तपासला आणि अहवालावर कोणाची सही आहे, यावर प्रकरण उभे राहते किंवा पडते. पर्यावरण आरोग्यातील करिअर याच साखळीत आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापे येथे आहे. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रातील पदवीधर अशा सरकारी प्रयोगशाळांत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांत विश्लेषक होऊ शकतात. औद्योगिक वसाहतींतील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, महापालिकांची मलप्रक्रिया केंद्रे आणि कारखान्यांचे पर्यावरण विभाग यांना पर्यावरण अभियंते लागतात. स्थापत्य किंवा रसायन अभियांत्रिकीनंतर पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेक करणारे या कामाकडे वळतात. अति प्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना धुराडे आणि सांडपाण्याचे मोजमाप ऑनलाइन पाठवावे लागते. ही यंत्रणा सांभाळायला उपकरणशास्त्र, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन, शिकलेला माणूस लागतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नवी मुंबईचा समावेश आहे, त्यामुळे हवेच्या मोजमापाचे काम महापालिकेलाही टाळता येत नाही.

कामगारांचे आरोग्य हा याच क्षेत्राचा दुसरा भाग. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार एक हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागत असे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५०० वर आणली, तर घातक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी ती २५० ठेवली आहे. तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी हा बदल महत्त्वाचा ठरावा. औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, म्हणजे 'अ‍ॅडिस', हा त्याचा प्रचलित मार्ग. महापालिकांत स्वच्छता निरीक्षक होण्यासाठी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा पदविका अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे.

दोन्ही क्षेत्रे एकमेकांना कुठे भेटतात?

रुग्णालयाच्या मागच्या दाराशी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा चार गटांत जागेवरच वेगळा करावा लागतो. पिशव्यांवर बारकोड लागतो. प्रक्रिया न केलेला मानवी अवयवांचा व तत्सम कचरा ४८ तासांहून अधिक साठवता येत नाही. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी उभारता येत नाही. कचरा हाताळणाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. हे सगळे पाहायला संसर्ग नियंत्रणाची जाण असलेला आणि पर्यावरणाचे नियम वाचता येणारा माणूस लागतो. असा माणूस एका पदवीतून तयार होत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा परिचर्येची पदवी आणि त्यावर सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण, ही जोडी इथे उपयोगी पडते.

नव्या कायद्यांनी काय बदलले?

वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे 'औषधा'च्या व्याख्येत आली. धोक्यानुसार उपकरणांचे 'अ' ते 'ड' असे चार वर्ग पाडले गेले आणि ऑक्टोबर २०२२ व ऑक्टोबर २०२३ अशा दोन टप्प्यांत परवाने सक्तीचे झाले. त्यामुळे परवान्याची कागदपत्रे, गुणवत्ता व्यवस्था, चाचण्या आणि सुरक्षेचा पाठपुरावा जाणणाऱ्यांना मागणी आली. हे काम 'रेग्युलेटरी अफेअर्स' या नावाने ओळखले जाते. अभियांत्रिकीबरोबरच औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधरही ते करतात. उत्तम लिहिता येणे आणि बारकाईने वाचता येणे ही त्यातली खरी कौशल्ये.

सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत त्याने पर्यावरण संरक्षण अधिकारी आणि व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा अधिकारी यांनाही स्थान दिले. हवा-पाणी मोजणारा माणूस आरोग्य व्यवस्थेचाच भाग आहे, हे कायद्याने मान्य केले, असा त्याचा अर्थ. २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियमही अधिसूचित केले. त्यातून नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षक हा नवा व्यवसाय आकाराला येऊ शकतो.

शिक्षणाचा क्रम कसा असावा?

दहावीनंतर पदविकेची वाट आहे. काही तंत्रनिकेतनांत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची शाखा असते आणि पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षी अभियांत्रिकीला प्रवेश घेता येतो. लवकर कमावणे भाग असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही वाट अनेकदा अधिक व्यवहार्य ठरते. बारावीनंतर बायोमेडिकल शाखा मिळाली नाही, तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घेऊन पुढे या क्षेत्रात येणे शक्य असते. उलट बायोमेडिकलची पदवी घेऊन इतर उद्योगांत जाणे तुलनेने अवघड जाते. पदव्युत्तर शिक्षणासाठी 'गेट' परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगची, तर २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. आयआयटी मुंबईत दोन्ही विषयांचे विभाग आहेत. तिथले 'बेटिक' हे २०१४ मध्ये सुरू झालेले केंद्र वैद्यकीय उपकरणांच्या कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे काम करते. पर्यावरण अभियांत्रिकीसाठी नागपूरची 'नीरी' आणि सार्वजनिक आरोग्यासाठी देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था ही राज्यातीलच ठिकाणे आहेत.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाला चार गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमाला कोणत्या नियामक संस्थेची मान्यता आहे? कोणत्या रुग्णालयाशी किंवा प्रयोगशाळेशी लेखी करार आहे आणि विद्यार्थी तिथे प्रत्यक्ष किती आठवडे काम करतात? मागील तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत? आणि प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता प्रयोगशाळा पाहूनच घ्यावे.

मग अडते कुठे?

गरज आणि पद यांच्यातील अंतरात. प्रदूषण नियंत्रण मंडळांतील रिक्त पदांचा मुद्दा हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापुढे वारंवार आला आहे. २०२४ मधील आकडेवारीनुसार देशभरातील अशा मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिक्त होती. नियम आहे, प्रयोगशाळा आहे, पण नमुना घ्यायला माणूस नाही, अशा स्थितीत नियम कागदावर राहतो आणि त्या पदासाठी शिकलेला तरुण विक्रीच्या नोकरीकडे वळतो. सरकारी रुग्णालयांतही यंत्रखरेदीसाठी निधी मिळतो, ते सांभाळणाऱ्या कायम पदासाठी मात्र मिळत नाही. यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो निघतो, त्याच्या देखभालीचा निघत नाही, हे त्यामागचे साधे राजकारण.

त्यामुळे या क्षेत्रांना 'भविष्यातील करिअर' म्हणून मिरवण्यापूर्वी सरकारने तीन गोष्टी करणे आवश्यक आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात बायोमेडिकल अभियंत्याचे कायम पद निर्माण करावे. प्रदूषण नियंत्रण मंडळातील तांत्रिक आणि प्रयोगशाळेतील पदे ठरावीक मुदतीत भरावीत. नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांनी आपली रुग्णालये, मलप्रक्रिया केंद्रे व हवा तपासणी केंद्रे परिसरातील विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी विद्यावेतनासह खुली करावीत. तिसऱ्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही नाही. एक ठराव आणि एक जबाबदार अधिकारी पुरेसा आहे. बेलापूरहून खारघरमार्गे पेंधरला जाणाऱ्या मेट्रोच्या एका तिकिटात कर्करोगाच्या संशोधनापासून रासायनिक सांडपाण्यापर्यंत सारे काही पाहता येणाऱ्या या शहरातील मुलांना त्या कामाचा पहिला अनुभव दुसऱ्या शहरात जाऊन घ्यावा लागू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.